तळटीप : ‘कीर’

‘कीर’ म्हणजे फ्रान्सच्या बर्गंडीतली पांढरी आलिगोते वाइन आणि पेल्याच्या तळाशी आधी ओतलेलं थोडं क्रेम द कासिस, म्हणजे काळ्या करंटचं गोड, गर्द जांभळं मद्य. हे नाव दिजाँचे महापौर (१९४५–१९६८) आणि धर्मगुरू फेलिक्स कीर यांचं; पण म्हणून त्यांना या पेयाचे जनक ठरवणं चूक आहे. दिजाँत क्रेम द कासिस १८४१पासून तयार होत होतं आणि ते वाइनमध्ये घालून ‘ब्लाँ-कासिस’ या साध्या नावानं पिण्याचा रिवाज कीर महापौर होण्याआधीचाच. युद्धात जर्मनांनी तांबडी वाइन लुटली, म्हणून कीर यांनी ही युक्ती काढली, ही लोकप्रिय कथा त्या रिवाजापुढे टिकत नाही. मग नाव त्यांचं का? पालिकेत आलेल्या पाहुण्यांपुढे ते आग्रहानं हाच पेला ठेवत, म्हणून. १९५१ साली लेजे-लागूत या कासिस-उत्पादकांना त्यांनी आपलं नाव वापरायची लेखी परवानगी दिली, तेव्हा नाव जाहिरातीनंच रुजलं असा आक्षेप निघतो. परंतु उत्पादकाला ते नाव हवंसं वाटलं, याचाच अर्थ यजमान म्हणून कीर यांची ख्याती आधीच झालेली होती. वाइनऐवजी शॅम्पेन घातली की त्याला ‘कीर रोयाल’ म्हणतात.