किल्ल्याआधी तळं

कंधारला पहिल्यांदा आलेला माणूस किल्ला कुठाय म्हणून विचारतो. आमच्या घरात किल्ल्याचं कौतुक कुणाला फारसं नव्हतं. आजोबांच्या, म्हणजे आबांच्या लेखी ती बाभळी माजलेली, सापाकिरड्यांची जागा; ढोर आत शिरलं की दिवस बुडेपर्यंत सापडायचं नाही. कौतुक होतं ते तळ्याचं. कुणी किल्ल्याचं गुणगान करू लागलं की ते म्हणायचे, "किल्ल्यानं कुणाचं ढोर पाजलं का कधी?"

हे तळं राजानं बांधलं, एवढंच आबांना ठाऊक होतं. कोणत्या राजानं, ते विचारलं की म्हणायचे, "व्हता एक, लई मोठा." पुढं कॉलेजात गेल्यावर कळलं की आबांची माहिती तोकडी होती, पण खोटी नव्हती. कंधारला सापडलेल्या राष्ट्रकूटकालीन शिलालेखात या तळ्याचं नाव आहे, जगत्तुंग समुद्र. जगत्तुंग हे तिसऱ्या गोविंदाचं बिरुद. वेरूळचं कैलास लेणं ज्या घराण्याच्या काळात कोरलं गेलं, त्याच घराण्यातला हा राजा. याच घराण्याच्या तिसऱ्या कृष्णाला (राज्यकाळ 939 ते 967) 'कंधारपुरवराधीश्वर' म्हणत. त्याच्या आधी अमोघवर्ष स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत होता आणि लट्टलूर म्हणजे आपलं लातूर. राजधानी तिकडं कर्नाटकात, मान्यखेटला. आजचं मळखेड ते. पण मिरवायला नावं लातूर-कंधारची. मराठवाडा मागास म्हणणाऱ्यांना मी हे मुद्दाम ऐकवतो. त्यानं रस्ते सुधारत नाहीत, ती गोष्ट वेगळी.

किल्ल्याचं थोडक्यात सांगतो. भुईकोट आहे, सभोवती रुंद खंदक, दुहेरी तट. बहमनी, निजामशाही असे धनी बदलत गेले आणि 1631 मध्ये नासिरी खानानं तो मोगलांसाठी घेतला. आत लाल महालाचे अवशेष आहेत, फारसी लेख आहेत, जुन्या देवळांच्या मूर्ती आहेत. बघण्यासारखा आहेच. पण तट-बुरूज महाराष्ट्रात कुठंही बघायला मिळतात. मानसपुरीत आहे ते दुसरीकडं मिळणार नाही.

मानसपुरी हे कंधारला लागूनच. तिथं एका अजस्र मूर्तीचे तुकडे सापडले. पाऊल, हात, असे सुटे सुटे अवयव. पावलाचा तुकडा बघितला की उरलेला देह मनात उभा करताना मान वर वर जाते. अभ्यासक ती क्षेत्रपालाची मूर्ती मानतात आणि उभी होती तेव्हाची तिची उंची 50 फुटांच्या आसपास धरतात. आमची आजी मात्र तो राक्षस होता यावर ठाम. भीमानं त्याला इथं लोळवला, हाडं दगड झाली आणि राक्षस रोज पोतंभर ज्वारी खायचा, हेसुद्धा तिला माहीत होतं. "तुला कुणी सांगितलं?" असं विचारलं तर म्हणायची, "माझ्या आजीनं. ती काय खोटं बोलंल?" मला वाटतं, गावानं ही मूर्ती उभी असलेली बघितली होती, ती पडल्यावर देवाचं नाव विसरलं गेलं, पण तिचा आकार लोकांच्या मनातून गेला नाही. त्या आकाराला पुरेल अशी गोष्ट मग बायकांनी रचली.

गावातल्या उरुसाला आजी न चुकता जायची. हाजी सय्याह सरवर मखदूम यांची बडी दर्गा आणि सांगडे सुलतान मुश्किले आसान यांची छोटी दर्गा, या दोन्हींमुळं उर्दू बोलणारे या गावाला कंधार शरीफ म्हणतात. आणि संत साधू महाराजांची दिंडी याच गावातून पंढरीला जाते. आजी दोन्हीकडं हात जोडायची. त्यात काही विशेष आहे, असं तिला कधी वाटलं नाही.

म्हणूनच रझाकारीच्या गोष्टी ऐकताना गोंधळ व्हायचा. आबा त्या रंगवून सांगत. रात्री दिवा मालवून बसायचं, दाणे बळदात दडवायचे, बायका-पोरं शेतातल्या कडब्यात लपवायची. तरणी पोरं पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात उमरखेडच्या कॅम्पवर जायची, तिथून मागं येऊन निजामाच्या चौक्यांवर हल्ले करायची. कल्हाळीच्या गढीवर आप्पाराव नाईकांनी रझाकारांशी दिलेली झुंज तर आबा डोळ्यांदेखत घडल्यासारखी सांगत. मग 13 सप्टेंबर 1948 ला फौजा शिरल्या, 17 ला निजाम शरण आला. आबांची गोष्ट इथं संपायची. पुढं काय झालं, असं विचारलं की ते पानाचा डबा ओढून घ्यायचे.

पुढं काय झालं ते मी पुस्तकांत वाचलं. पंडित सुंदरलाल समितीनं पोलीस ॲक्शननंतर मुसलमानांवर झालेल्या अत्याचारांची चौकशी केली. सर्वांत जास्त झळ बसलेले म्हणून जे चार जिल्हे सांगितले ते उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. आबांनी काही बघितलं होतं का, मला माहीत नाही. पण उरुसाच्या गर्दीत ओळखीचा एखादा म्हातारा भेटला की ते त्याचा हात बराच वेळ सोडत नसत. मुक्तिसंग्रामाच्या भाषणांत हा भाग येत नाही. यायला पाहिजे.

स्वातंत्र्यानंतरचं कंधार म्हटलं की केशवराव धोंडगेंचं नाव आपोआप येतं. शेतकरी कामगार पक्षाचा हा माणूस कितीदा तरी आमदार, 1977 ला खासदार झाला. 'जयक्रांती' साप्ताहिक चालवलं, शाळा-कॉलेजं काढली, गुराख्यांचं साहित्य संमेलन भरवलं. शंभरी ओलांडून 1 जानेवारी 2023 ला ते गेले. विधानसभेतली त्यांची खडी भाषा आबांना फार आवडायची. मतदान त्यांनाच केलं का, ते मात्र आबांनी आजीलाही सांगितलं नाही.

खरा अभिमान आबांना बैलाचा. लाल कंधारी ही जात या गावाच्या नावाची. गडद तांबडा रंग, बांधा घट्ट, कामाला चिवट. जुने लोक तिला लखलबुंडाही म्हणतात. उदगीरकडचे मामा आले की वाद पेटायचा, कारण त्यांची देवणी दूध देते, कामाला येते आणि दिसायलाही देखणी. आबांचं उत्तर ठरलेलं: "दिसणं काय करायचं, नांगराला?" माळेगावच्या यात्रेत घेतलेल्या जोडीची किंमत ते मरेपर्यंत निजामाच्या हाली रुपयांत सांगत. सात हाली म्हणजे सहा कलदार, हा हिशेब आम्हाला पाढ्यांसारखा पाठ झाला होता.

ती खंडोबाची यात्रा मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीला सुरू होते. घोडे, गाढवं, उंट, बैल, सगळ्यांचा बाजार भरतो. माळेगाव पूर्वी कंधार तालुक्यात होतं, आता लोह्यात. यायचं असेल तर तेव्हाच या. नांदेडहून लातूरच्या रस्त्याला लागा. लोह्याहून एक फाटा कंधारला येतो, सरळ गेलं की माळेगाव. सकाळी तळं, मग मानसपुरी, दुपारी किल्ला बघा आणि दुसऱ्या दिवशी यात्रेत जाऊन लाल कंधारीची जोडी बघा. यात्रा लागल्यावर लगोलग वेळ अमावस्या येते. त्या दिवशी गावं ओस आणि शेतं भरलेली असतात. कुणाच्याही शेतात शिरा, भज्जी आणि आंबिल घेतल्याशिवाय कुणी तुम्हाला परत जाऊ देणार नाही. तिथं एखादं नव्वदीचं माणूस बसलेलं असेलच. त्याला तळ्याचं विचारा, बैलाचं विचारा, आणि धीर असेल तर 17 सप्टेंबरनंतरचंही विचारा.