अमर चित्र कथेचे महाभारत : तीन खंड

रात्रभर दशावतारी काला पाहून आलेली नातवंडे दुसऱ्या दिवशी कपाटातले चित्रांचे महाभारत काढून बसतात आणि विचारतात, "आजोबा, कालची गोष्ट यात कुठे आहे?" पेडणे आणि डिचोलीकडच्या बऱ्याच घरांना हा प्रश्न ओळखीचा असेल. पुस्तकात गोष्ट सापडली नाही की मुले ठरवून मोकळी होतात की नाटकवाल्यांनी चूक केली. म्हणून या खंडांत काय आहे आणि काय नाही, याची नोंद सभासदांसाठी येथे देत आहे.

अमर चित्र कथा ही मालिका अनंत पै यांनी 1967 मध्ये मुंबईच्या इंडिया बुक हाउसतर्फे सुरू केली. पै मूळचे कारकळचे. दूरदर्शनवरच्या एका प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक पुराणकथांची उत्तरे आली, पण रामाच्या आईचे नाव सांगता आले नाही, ही आठवण ते नेहमी सांगत. पहिले दहा अंक परदेशी परीकथांचे होते. अकरावा 'कृष्ण', आणि तिथून मालिकेला तिचा रस्ता सापडला. त्याची चित्रे राम वाईरकर यांची. पुढे प्रताप मुळीक, दिलीप कदम अशी आणखी मराठी नावे आली. मजकूर इंग्रजी, पण रेषा बहुतेक मराठी हातांची, हे आपल्या मुलांना जरूर सांगावे.

सुरुवातीच्या काळात महाभारतातली माणसे सुट्या अंकांतून आली : कर्ण, अभिमन्यू, द्रौपदी, घटोत्कच. ज्याला जो अंक मिळाला त्याने तो वाचला, त्यामुळे आधी काय झाले आणि नंतर काय, हे कळत नसे. ही उणीव भरून काढण्यासाठी 1985 पासून संपूर्ण महाभारत क्रमवार काढण्यात आले. 42 अंक, प्रत्येकी 32 पाने; पहिला अंक वेदव्यासांवर. चित्रांचा मुख्य भार दिलीप कदम यांनी उचलला. बी. आर. चोप्रांची दूरदर्शन मालिका ऑक्टोबर 1988 मध्ये सुरू झाली, म्हणजे हे काम त्याआधीच अर्ध्यावर आले होते. मुलांना मात्र उलटे वाटते, की चित्रे टीव्हीवरून काढली.

हेच 42 अंक नंतर तीन जाड खंडांत एकत्र बांधले गेले. एकूण पाने तेराशेच्या वर. (आयुष्य खतावण्यांत गेल्यामुळे मी आधी पाने मोजतो, मग वाचतो.) घ्यायचे तर तिन्ही एकदम घ्यावेत. एकच खंड घेतला तर पुन्हा सुट्या अंकांसारखीच गत होते. आपल्याकडे दिसतात ते संच बहुतेक इंग्रजी. नातवंडे इंग्रजी सहज वाचतात, आजी वाचत नाही. आमच्याकडे नात चित्र दाखवते आणि आजी गोष्ट मराठीत सांगते. त्यात पुस्तकात नसलेले पुष्कळ येते.

आता मूळ प्रश्न. हे खंड व्यासांच्या महाभारतावर बेतलेले आहेत. आपल्या भागातला काला मात्र केवळ व्यासांवर चालत नाही. आपल्या पूर्वजांच्या घरी वाचले जात ते श्रीधरस्वामींचे ग्रंथ : हरिविजय (1702), रामविजय (1703), पांडवप्रताप (1712) आणि जैमिनी अश्वमेध (1715). आख्याने या पोथ्यांतून कानावर पडलेली. सुधन्वा, मयूरध्वज, चंद्रहास हे जैमिनीच्या अश्वमेधातले. व्यासांच्या ग्रंथात ते नाहीत, म्हणून या तीन खंडांत शोधून मिळायचे नाहीत. चंद्रहासावर अमर चित्र कथेचा वेगळा अंक आहे, तो मागवावा. बभ्रुवाहन मात्र दोन्हीकडे आहे. व्यासांच्या आश्वमेधिक पर्वात त्याची गोष्ट येते, तेव्हा ती युद्धानंतर, तिसऱ्या खंडाच्या शेवटाकडे पाहावी.

शिवाय दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. आख्यान कोणते आणि प्रवेश कसे, हे आधी ठरते. बोलणे नटाने उभ्या उभ्या रचायचे असते. त्यामुळे तेच आख्यान दोन मंडळ्यांनी केले तर दोन तऱ्हांचे होते, आणि नवी पात्रे घालून रचलेली आख्यानेही होतात. छापील चित्र तसे बदलत नाही. मुलांपुढे पुस्तक प्रमाण आणि नाटक चुकीचे अशी तुलना आपण मोठ्यांनीच करू नये असे मला वाटते. मी स्वतः एकदा ती केली, आणि त्या वर्षी नातू काल्याला आला नाही.

संकासुराविषयीही मुले विचारतात. काल्याच्या पूर्वरंगात वेद चोरणारा हा काळ्या वेषातला, लांब जिभेचा असुर त्यांचा सर्वांत लाडका. महाभारताच्या खंडांत त्याला शोधू नये; तो मत्स्यावताराच्या कथेतला. त्यातही भागवतात वेद चोरणाऱ्याचे नाव हयग्रीव आहे, शंखासुर हे नाव इतर पुराणांतले. भागवतावरून काढलेले चित्रांचे पुस्तक हाती आले आणि त्यात हयग्रीव दिसला, तर तो आपलाच संकासुर, असे मुलांना सांगायला हरकत नाही.