अहमदपूर तालुक्यातील भाषा

अहमदपूर हा महाराष्ट्राच्या लातूर जिल्ह्यातील बालाघाट डोंगररांगेत वसलेला तालुका असून तो नांदेड व परभणी जिल्ह्यांच्या सीमेलगत आहे. मराठी ही येथील बहुसंख्यांची भाषा आहे. तिच्याबरोबर दखनी उर्दू आणि बंजारा समाजाची गोरमाटी या भाषा तालुक्यात बोलल्या जातात.

इतिहास

नवव्या शतकात राष्ट्रकूटांच्या दरबारी रचल्या गेलेल्या 'कविराजमार्ग' या ग्रंथात कावेरीपासून गोदावरीपर्यंतचा प्रदेश कन्नड भाषेचा म्हटला आहे. गोदावरीच्या दक्षिणेस असलेले अहमदपूर या वर्णनाच्या कक्षेत येते. पुढे या भागात मराठी स्थिरावली. वीरशैव संतकवी मन्मथस्वामी यांनी 'परमरहस्य' हा ग्रंथ मराठीत रचला. या परिसरातील लिंगायत समाजाची घरची भाषाही मुख्यतः मराठीच आहे.

निजामाच्या हैदराबाद संस्थानात अहमदपूर तालुका बीदर जिल्ह्यात होता. संस्थानचा राज्यकारभार उर्दूतून चाले. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दू होते. त्यामुळे मराठी घरातील मुलास उच्च शिक्षणासाठी उर्दू आत्मसात करावी लागे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्यपुनर्रचनेत बीदर जिल्ह्यातील अहमदपूर, निलंगा व उदगीर हे तालुके मुंबई राज्याच्या उस्मानाबाद जिल्ह्यास जोडले गेले. १६ ऑगस्ट १९८२ पासून अहमदपूर नवनिर्मित लातूर जिल्ह्यात आहे.

मराठवाडी बोली

या भागात प्रमाण मराठीतील 'मी जात आहे' याऐवजी 'मी जायलो' आणि 'काय करतो आहेस?' याऐवजी 'काय करायलास?' अशी रूपे आढळतात. 'का' या अर्थी 'कामून' हा शब्द रूढ आहे.

दखनी

मुस्लिम समाजाच्या बोलण्यातील दखनी ही उत्तरेकडील उर्दूहून वेगळी आहे. नकारार्थी 'नक्को' आणि 'वैसाइच' यासारख्या शब्दांतील निश्चयार्थक 'च' हा मराठीच्या सहवासाचा परिणाम होय. शाळेत व लेखनात मात्र प्रमाण उर्दू वापरली जाते.

गोरमाटी

तांड्यांवर बोलली जाणारी गोरमाटी ही राजस्थानी भाषांशी नाते सांगणारी इंडो-आर्य भाषा आहे. आईला या भाषेत 'याडी' म्हणतात. तिला स्वतःची रूढ लिपी नाही. महाराष्ट्रात ती देवनागरीत, तर तेलंगणात तेलुगू लिपीत लिहिली जाते. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत तिचा समावेश नाही आणि जनगणनेत ती हिंदीच्या गटात मोजली जाते. त्यामुळे भाषांच्या मुख्य कोष्टकात तिच्या भाषकांची संख्या स्वतंत्रपणे दिसत नाही.

भाषा आणि शिक्षण

१९५६ मध्येच सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५०-अ समाविष्ट झाला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, अशी त्याची अपेक्षा आहे. उर्दू भाषकांसाठी मराठवाड्यात उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत. तांड्यावरील मुलाची मात्र घरची भाषा गोरमाटी आणि पाठ्यपुस्तकाची मराठी असते. पहिलीच्या वर्गात अक्षरओळख व नवी भाषा ही दोन्ही कामे त्याला एकाच वेळी करावी लागतात. एकेकाळी उर्दू माध्यमामुळे मराठी विद्यार्थ्यांपुढे उभी राहिलेली अडचण या मुलांपुढे शिक्षणाच्या पहिल्याच पायरीवर येते.

'भारतीय भाषांचे लोकसर्वेक्षण' या गणेश देवी यांच्या प्रकल्पाचा महाराष्ट्र खंड अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली मराठीत प्रसिद्ध झाला आहे. राज्यातील प्रमुख भाषांबरोबरच भटक्या-विमुक्त समाजांच्या भाषांचीही नोंद त्यात घेतली आहे.