मापात पाप

बाजार जितका जुना, तितकीच मापाची लबाडीही जुनी. ‘मापात पाप’ हा शब्दप्रयोग मराठीत रूढ झाला तो उगाच नव्हे. शेर, पायली आणि तराजू यांवर सरकारी छाप मारण्याची पद्धत पडली ती याच पापाला आळा घालण्याकरिता. तथापि धान्याच्या मापात ग्राहकाला एक सोय होती. घरी आणलेले धान्य गृहिणीने आपल्या मापाने पुन्हा मोजले, की व्यापाऱ्याची लबाडी त्याच दिवशी उघडकीस येई. मोटारीच्या धुराचे माप घेण्याचा काळ आला तेव्हा ही सोय उरली नाही. धुरातील अत्यंत अपायकारक वायूंपैकी कित्येक डोळ्यांना दिसतही नाहीत आणि ते मोजण्याचे यंत्र कोणाच्या घरी नसते. ग्राहकाच्या हाती येतो तो केवळ एक कागद. त्या कागदावरील विश्वासाचा भंग कसा झाला, आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे पाहण्यासारखे आहे.

कोल्हापूर जिल्ह्यात गडहिंग्लज तालुक्यात नेसरी हे गाव आहे. १६७४ साली सरसेनापती प्रतापराव गुजर आपल्या सहा साथीदारांसह येथील खिंडीत धारातीर्थी पडले, म्हणून महाराष्ट्र या गावाला ओळखतो. प्रस्तुत विषयात अशा गावाचे महत्त्व निराळे आहे, आणि ते अंतराचे आहे. मोटारीच्या धुराचे नियम दिल्लीत ठरतात, तिची परीक्षा पुण्याच्या टेकडीवरील प्रयोगशाळेत होते, आणि ती बांधली जाते चाकणसारख्या उद्योगनगरीत. या तिन्ही ठिकाणी नेसरीच्या मोटारमालकाचा पाय कधी लागत नाही. त्याने पुंजी मोडून किंवा बँकेचे कर्ज काढून गाडी घ्यावयाची, आणि त्या तिघांनी आपापले काम चोख केले असेल असे मानावयाचे.

आता फसवणूक नेमकी कशाची झाली, हे समजून घेतले पाहिजे. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ मध्ये आऊग्सबुर्ग येथे आपले इंजिन यशस्वीपणे चालवून दाखविले. ठिणगी न पाडता, केवळ दाबाने तापलेल्या हवेत इंधन पेटविणे, ही त्याची कल्पना. या इंजिनाला इंधन थोडे लागते आणि ते ओढते पुष्कळ. म्हणूनच ट्रक, ट्रॅक्टर आणि प्रवासी गाड्या यांत त्याने घर केले. परंतु त्याच्या अंगी एक खोड आहे. ज्वलन जितके उष्ण आणि हवा जितकी मुबलक, तितका हवेतील नायट्रोजन ऑक्सिजनशी अधिक संयोग पावतो व नायट्रोजन ऑक्साइडे निर्माण होतात. ज्वलन थंड करावे, तर हे वायू कमी होतात, पण काजळी वाढते. दोन्ही आवरावयाची म्हणजे जादा उपकरणे बसवावी लागतात, खर्च वाढतो आणि इंधनाच्या बचतीलाही थोडी कात्री लागते. या वायूंनी श्वासनलिकेचा दाह होतो, दम्याचे रोगी हैराण होतात, आणि त्यांच्यापासूनच पुढे हवेत ओझोन व सूक्ष्म कण तयार होतात.

सरकारने या वायूंवर मर्यादा घातली, आणि ती पाळली जाते की नाही हे पाहण्याकरिता परीक्षा ठेविली. बंद खोलीत मोटार रुळांवर उभी करावयाची, ठराविक वेगाने ठराविक वेळ चाके फिरवावयाची, आणि मागे निघणारा धूर गोळा करून मोजावयाचा. युरोपातील ही परीक्षा अवघी वीस मिनिटांची व सुमारे अकरा किलोमीटरांची होती. भारताचीही तिच्याच वळणावर बेतलेली होती. सर्व गाड्यांना एकच कसोटी लागावी म्हणून ती अशी नेमस्त केली होती, आणि तो हेतू योग्यच होता. परंतु प्रश्नपत्रिका दरवर्षी तीच, आणि ती आधीपासून सर्वांना ठाऊक! अशा परीक्षेत विद्यार्थ्याचे ज्ञान कळत नाही, त्याची तयारी तेवढी कळते.

ही तयारी कोठवर जाऊ शकते याची चुणूक लवकरच दिसली. फोक्सवॅगनने १९७३ च्या नमुन्याच्या काही मोटारींत तापमान ओळखणारी कळ बसवून प्रदूषण आवरणारी उपकरणे बंद पाडली, असा आरोप अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने केला. १९७४ मध्ये कंपनीने दोष मान्य न करता १ लाख २० हजार डॉलर भरून प्रकरण मिटविले. १९९८ मध्ये ट्रकांची इंजिने बनविणाऱ्या सात कंपन्यांशी अमेरिकन सरकारला मोठा समझोता करावा लागला. त्यांच्या इंजिनांतील संगणक परीक्षेच्या वेळी सौम्य वागत, आणि हमरस्त्यावर लागताच इंधन वाचविण्याच्या नादात नायट्रोजन ऑक्साइडे मोकाट सोडीत.

भारतात या इतिहासाचे पहिले मोठे पान २०१३ साली लिहिले गेले. जनरल मोटर्सची टवेरा ही गाडी भाड्याने प्रवासी नेणाऱ्यांच्या विशेष आवडीची. त्या वर्षीच्या जुलै महिन्यात कंपनीने २००५ ते २०१३ या काळात बनलेल्या १ लाख १४ हजार टवेरा माघारी बोलाविल्या. कारखान्यातून बाहेर पडणारी गाडी मंजूर नमुन्याबरहुकूम आहे की नाही, हे पाहण्यास तपासनीस येत. तेव्हा कर्मचारी आधी निवडून ठेविलेली, कमी धूर सोडणारी इंजिने तपासणीच्या गाड्यांत बसवीत. म्हणजे तपासनिसासमोर एक गाडी आणि ग्राहकासाठी दुसरी. सरकारने नेमलेल्या समितीने या प्रकाराला कंपनीची फसवणूक असेच नाव दिले. अनेक कर्मचारी व अधिकारी कामावरून दूर झाले. परंतु त्या गाडीच्या हप्त्यांवर ज्याचा संसार उभा होता, त्याला मिळाली ती दुरुस्ती. १ लाखाहून अधिक मालकांना आपल्या उपजीविकेचे साधन मुळातच मंजूर नमुन्याप्रमाणे नव्हते हे वर्तमानपत्रांतून कळले, आणि २०१७ च्या अखेरीस कंपनीने भारतातील विक्रीच बंद केली.

योगायोग असा, की त्याच २०१३ साली अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाचे संशोधक मोटारींचा धूर रस्त्यावर मोजीत होते. या तुकडीत अरविंद तिरुवेंगडम आणि हेमंत कप्पण्णा हे दोघे भारतीय होते. स्वच्छ वाहतुकीचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेने त्यांना हे काम दिले होते, आणि तिचा उद्देश कोणाला पकडण्याचा नव्हता. अमेरिकेत डिझेल मोटारी इतक्या स्वच्छ चालतात, मग युरोपात का नाही, हे तिला दाखवून द्यावयाचे होते. संशोधकांनी मोजणीची यंत्रे गाडीच्या मागील भागात बसविली आणि एक गाडी लॉस एंजेलिसपासून सिएटलपर्यंत नेऊन परत आणली. प्रयोगशाळेत निर्दोष ठरलेल्या फोक्सवॅगनच्या दोन मोटारींपैकी एक रस्त्यावर मर्यादेच्या ५ ते २० पट, आणि दुसरी १५ ते ३५ पट वायू सोडीत होती. तिसरी, दुसऱ्या कंपनीची मोटार, बहुतेक प्रवासात मर्यादेत राहिली. म्हणजे स्वच्छ डिझेल अशक्य नव्हते.

कॅलिफोर्नियाच्या अधिकाऱ्यांनी वर्षभर पिच्छा पुरविल्यावर कंपनीने सप्टेंबर २०१५ मध्ये गुन्हा कबूल केला, आणि १८ सप्टेंबर रोजी तो जगजाहीर झाला. इंजिनाच्या संगणकातील आज्ञावली सुकाणूची हालचाल, वेग, वेळ आणि हवेचा दाब यांवरून परीक्षा चालू आहे हे ओळखी. चाके फिरत आहेत पण सुकाणू हलत नाही, म्हणजे गाडी परीक्षागृहात आहे. तेवढ्यापुरती ती सज्जन होई. बाहेर पडताच पूर्वपदावर येई. जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख मोटारी होत्या.

येथून पुढे मालकांची कथा सुरू होते, आणि ती देशोदेशी निरनिराळी आहे. अमेरिकेत ऑक्टोबर २०१६ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीप्रमाणे सुमारे पावणेपाच लाख मोटारींच्या मालकांना निवड मिळाली: गाडी कंपनीला परत विकावी, किंवा दुरुस्त करून घ्यावी. किंमत धरली ती प्रकरण फुटण्यापूर्वीची. शिवाय ५ हजार १०० ते सुमारे १० हजार डॉलर रोख भरपाई. परत आलेल्या हजारो मोटारी डेट्रॉइटजवळच्या एका ओसाड क्रीडांगणावर आणि कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात रांगांनी उभ्या राहिल्या. जर्मनीत, कंपनीच्या स्वतःच्या देशात, मालकाला प्रथम केवळ आज्ञावली बदलून मिळाली. पुढे २५ मे २०२० रोजी तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने कंपनीने ग्राहकाचे हेतुपुरस्सर नुकसान केले असे ठरविले. मात्र गाडी जितकी चालविली तितकी रक्कम किमतीतून वजा करावयाची. ज्यांनी प्रकरण जाहीर झाल्यावर गाडी घेतली त्यांच्या हाती काही पडले नाही, आणि ज्याची गाडी फार चालली होती त्याची भरपाई वजावटीतच संपून जाऊ शकत होती.

महाराष्ट्राशी या प्रकरणाचा संबंध निकटचा आहे. फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला, आणि त्याच समूहाची स्कोडा कंपनी त्यापूर्वीच तत्कालीन औरंगाबादजवळ शेंद्रे येथे गाड्या बांधीत होती. भारतातील मोटारींची तपासणी सरकारने पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या १९६६ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेकडे सोपविली. संस्थेने गाड्या रस्त्यावर चालवून पाहिल्या, तेव्हा नायट्रोजन ऑक्साइडे ठरल्या मर्यादेच्या १.१ ते २.६ पट भरली. १ डिसेंबर २०१५ रोजी कंपनीने २००८ पासून बनलेल्या ३ लाख २३ हजार ७०० मोटारी माघारी बोलाविण्याचे जाहीर केले; त्यांत फोक्सवॅगनच्या १ लाख ९८ हजार ५००, स्कोडाच्या ८८ हजार ७०० आणि ऑडीच्या ३६ हजार ५०० होत्या. परंतु कंपनीचे म्हणणे असे, की हे आपण स्वेच्छेने करीत आहोत. भारताच्या नियमांत रस्त्यावरील धुराला मर्यादाच घातलेली नाही; मग भंग कशाचा?

या एका वाक्यात सारा फरक साठलेला आहे. अमेरिकेच्या कायद्याने चकविणाऱ्या योजनेलाच अपराध मानले होते, म्हणून तेथील मालकाच्या हाती धनादेश पडला. भारतात रस्त्यावर गाडी कशी वागते हा प्रश्नच तेव्हा कायद्याने विचारला नव्हता. म्हणून येथील मालकाला मिळाली ती आज्ञावलीची दुरुस्ती. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने हा युक्तिवाद मानला नाही. त्याने नेमलेल्या समितीने या मोटारींमुळे दिल्लीतील आरोग्याच्या हानीचा अंदाज १७१ कोटी ३४ लाख रुपये काढला, आणि ७ मार्च २०१९ रोजी न्यायाधिकरणाने ५०० कोटी रुपयांचा दंड ठोठाविला. दोन महिन्यांनी, ६ मे रोजी, सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या कारवाईस स्थगिती दिली. हा दंड हवेच्या हानीसाठी होता. मोटारमालकाच्या नुकसानीचा हिशेब त्यात धरलेला नव्हता. सात ऑडी मोटारी घेतलेल्या एका ग्राहकाने उत्तर प्रदेशात फिर्याद नोंदविली, तेव्हा ती रद्द व्हावी म्हणून कंपनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या पीठाने २६ नोव्हेंबर २०२० रोजी ती मागणी फेटाळली. तपास थांबणार नाही एवढे त्यातून निष्पन्न झाले. सामान्य मालकाला त्यातून काही रोकड लाभली नाही.

आता पुन्हा नेसरीकडे वळले, म्हणजे या अंतराचा अर्थ ध्यानात येतो. २०१० मध्ये भारत चार ही कडक प्रत प्रथम तेरा शहरांपुरती लागू झाली. महाराष्ट्रातील मुंबई, पुणे आणि सोलापूर त्यांत होती, कोल्हापूर नव्हते. सर्व देशाला ती लागू व्हावयास १ एप्रिल २०१७ उजाडले. म्हणजे एकाच राज्यात पुणेकराच्या फुप्फुसाला एक नियम आणि नेसरीकराच्या फुप्फुसाला दुसरा. नेसरीच्या मालकाने गाडी नियमाने तपासून घेतली असती, तरी त्याला काही कळले नसते. कारण प्रदूषण तपासणी केंद्रावर डिझेल गाडी जागच्या जागी रेटून तिच्या धुराचा काळपटपणा तेवढा मोजतात. नायट्रोजन ऑक्साइडे मोजीतच नाहीत. खिशात वैध प्रमाणपत्र, आणि गाडीमागे न दिसणारे विष. त्याचा स्वतःचा अपराध काहीच नव्हता. पण तो विष सोडी ते आपल्याच गावच्या रस्त्यावर, आणि शाळेत जाणारी आपलीच मुले ते हुंगीत.

पुढील वर्षांत कायद्याने काही प्रश्न विचारावयास आरंभ केला. १ एप्रिल २०२० पासून भारत सहा ही प्रत आली. डिझेल मोटारीची नायट्रोजन ऑक्साइडांची मर्यादा किलोमीटरला ०.२५ ग्रॅमवरून ०.०८ ग्रॅमवर उतरली. रस्त्यावरील धूर प्रथम केवळ नोंदीसाठी मोजला गेला, आणि एप्रिल २०२३ पासून त्यालाही मर्यादा बंधनकारक झाली. त्याहून मालकाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्ती. पर्यावरणाला अपाय करणारी सदोष गाडी माघारी घेण्याचा हुकूम सरकार कंपनीला देऊ शकते, आणि कंपनीने ती दुरुस्त करावी, बदलून द्यावी किंवा तिची पूर्ण किंमत परत करावी, असे त्यात प्रथमच लिहिले गेले. टवेराच्या मालकाला २०१३ मध्ये आणि चाकणच्या मोटारीच्या मालकाला २०१५ मध्ये दाद मागावयास असे कलम नव्हते.

कलम लिहिले गेले. त्याचा उपयोग व्हावयाचा, तर आधी दोष सापडला पाहिजे. आजवरच्या इतिहासात तो परीक्षागृहात क्वचितच सापडला. सापडला तो गाडी रस्त्यावर नेऊन, मागे यंत्र बांधून, शेकडो मैल चालविल्यावर. जुन्या काळचा वजनमापांचा तपासनीस कचेरीत बसून राहत नसे. तो न कळविता आठवडी बाजारात येई आणि दुकानातील माप उचलून पाही. धुराच्या मापालाही तोच न्याय लागू आहे. पुण्याच्या टेकडीवरील यंत्र अधूनमधून, न सांगता, नेसरीच्या रस्त्यावर आले, तरच त्या कागदावरील छापाला अर्थ राहील.