'मनुष्याचा पुत्र' : वाक्प्रचार आणि पदवी

'ख्रिस्त' ही पदवी आहे, याविषयी वाद नाही. 'मशीहा', म्हणजे अभिषिक्त, या हिब्रू शब्दाचे ते ग्रीक रूप. 'मनुष्याचा पुत्र' या शब्दांची गोष्ट निराळी आहे. चारही शुभवर्तमानांत मिळून ते सुमारे 80 वेळा येतात आणि जवळजवळ नेहमी येशूच्याच मुखी. पौलाच्या पत्रांत ते एकदाही नाहीत. योहानाच्या 12व्या अध्यायात तर जमावच विचारतो, हा मनुष्याचा पुत्र कोण? ऐकणाऱ्यांना जी उमगत नाही ती पदवी कसली, असा प्रश्न अभ्यासकाला पडतो तो येथे.

अरामी भाषेत 'बर एनाश' म्हणजे केवळ माणूस. हिब्रूतील 'बेन आदाम' तसाच. यहेज्केल या संदेष्ट्याला देव नव्वदाहून अधिक वेळा याच शब्दांनी संबोधतो, आणि तेथे त्यात थोरवी नसून मर्त्यपणाची आठवण आहे. आपल्याकडे 'मानव' हा शब्द असाच घडला. व्युत्पत्तीने तो मनूचा वंशज. पण 'मानव' म्हणताना मनू कोणाच्या मनात येतो? ग्रीक भाषांतरकारांनी मात्र घटक सुटे करून शब्दशः भाषांतर केले, शिवाय दोन्ही नामांना निश्चयवाचक उपपदे लावली. ग्रीक कानाला ही रचना विचित्रच वाटली असणार. वाक्प्रचाराची पदवी होण्याची वाट या विचित्रपणातून खुली झाली.

1965 साली ऑक्सफर्डच्या एका व्याख्यानात गेझा व्हर्मेश यांनी प्रतिपादन केले की, हा प्रयोग म्हणजे 'मी' म्हणण्याची आडवळणाची रीत होय. मॉरिस केसी यांनी त्यात दुरुस्ती केली : बोलणारा सर्वसाधारण माणसाविषयी बोलतो आणि त्यात स्वतःला गोवतो. मराठी वाचकाला हे समजावून द्यावे लागू नये. 'आपण साधी माणसं, आपल्याला काय कळणार' असे म्हणणारा एकाच वेळी स्वतःविषयीही बोलतो आणि सर्वांविषयीही. मार्काच्या दुसऱ्या अध्यायातील शब्बाथाचे वचन असे वाचून पाहावे. शब्बाथ माणसासाठी झाला, असे आधी म्हटल्यावर त्याचा धनी ठरणारा 'मनुष्याचा पुत्र' हा येशू की कोणीही माणूस? मूळ अरामी बोलण्यात हा प्रश्न बहुधा उद्भवलाच नसता. मत्तयाचा पुरावा तितकाच बोलका आहे. मार्काचा येशू शिष्यांना, लोक 'मला' कोण म्हणतात, असे विचारतो. मत्तय त्याच जागी 'मनुष्याच्या पुत्राला' असे लिहितो.

तथापि सारा प्रश्न व्याकरणाने सुटतो असे मानणे उतावीळपणाचे ठरेल. दानीएलाच्या सातव्या अध्यायात, श्वापदांच्या राज्यांनंतर, मेघांसह येणारी मनुष्यासारखी आकृती आहे. तिला अक्षय राज्य मिळते. मार्काच्या 14व्या अध्यायात महायाजकासमोरचे येशूचे उत्तर या दृश्याकडे उघड निर्देश करते. हनोखाच्या पुस्तकातील 37 ते 71 या अध्यायांत हीच आकृती सिंहासनावर बसलेला न्यायाधीश झाली आहे. ते अध्याय आज केवळ इथिओपियाच्या गीझ भाषेत उपलब्ध आहेत. कुमरानला या ग्रंथाचे जे अरामी तुकडे सापडले त्यांत ते नाहीत. त्यामुळे येशूच्या काळी ही कल्पना किती पसरली होती, यावर मतभेद राहिले. माझ्या मते दोन्ही अर्थ एकाच मुखातून निघू शकतात. साध्या शब्दात दानीएलाचा मेघ दडवणे कुशल वक्त्याला अशक्य नव्हते.

मराठीला उपपद नाही. त्यामुळे 'मनुष्याचा पुत्र' ही रचना वाक्प्रचार आणि पदवी यांच्यामध्ये अधांतरी राहू शकली असती. पण मराठी बायबलात यहेज्केलासाठी 'मानवपुत्र' आणि येशूसाठी 'मनुष्याचा पुत्र' असे भिन्न शब्द आले, आणि दोहोंतला धागा वाचकाच्या नजरेआड झाला. अर्थात धागा तुटण्यास आरंभ फार पूर्वीच झाला होता. दुसऱ्या शतकाच्या आरंभी अंत्युखियाचा इग्नाशियस 'मनुष्याचा पुत्र' आणि 'देवाचा पुत्र' अशी जोडी लावतो. पहिल्यात देह, दुसऱ्यात देवत्व. दानीएलाच्या मेघांवरून आलेल्या आकृतीचे नाव तेथे नेमके ख्रिस्ताच्या मर्त्य बाजूला लागले आहे.