जलांतर्गत छायाचित्रणातील पश्चप्रकीर्णन
पाण्यातील निलंबित कणांवरून दिव्याचा प्रकाश कॅमेऱ्याकडेच परततो, त्यास पश्चप्रकीर्णन म्हणतात. फ्रेंच जीववैज्ञानिक लूई बूतां यांनी १८९३ मध्ये समुद्रात छायाचित्रे घेतली व मॅग्नेशियमचा प्रकाशही वापरून पाहिला. परंतु गढूळ पाण्यात दिवा प्रखर केल्यास वस्तूऐवजी गाळच उजळतो. दिवा भिंगापासून दूर व तिरपा धरून विशालकोन भिंगाने वस्तूच्या निकट जाणे, हाच उपाय रूढ झाला. संगणकाने ठिपके पुसता येतात, झाकलेला तपशील मात्र परत मिळत नाही. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने एस. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली १९८० नंतरच्या दशकात द्वारकेच्या समुद्रात पुरातत्त्वीय शोध घेतला. अशा कार्यात अवशेष वर काढला, की त्याची मूळ जागा नोंदींतच उरते. म्हणून छायाचित्रांच्या जोडीला पाण्याखालीच मापे व रेखाटने घेतात.