पोर्शन मार्क

पोर्शन मार्क : फौजदारी खटल्यात साक्षीदाराने पोलिसांना दिलेल्या जबाबातला जो मजकूर त्याच्या न्यायालयातील साक्षीशी जुळत नाही, तेवढाच वेगळा काढून त्यावर केलेली खूण. महाराष्ट्रातील न्यायालयांत तिला ‘पोर्शन मार्क अ’, ‘पोर्शन मार्क ब’ असे म्हणतात. जबाबाचा सारांश इथे उपयोगाचा नाही. कागदावरचे शब्दच लागतात.

या पद्धतीचा आधार 1872च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम 145 मध्ये होता. पूर्वीच्या लेखी जबाबावरून साक्षीदाराची विसंगती दाखवायची असेल, तर तो कागद शाबित करण्यापूर्वी त्यातला नेमका भाग साक्षीदाराच्या निदर्शनास आणलाच पाहिजे, असे ते कलम सांगत असे. पोलिसांनी तपासात घेतलेल्या जबाबाबाबत 1973च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 162 लागू होत असे. या जबाबावर साक्षीदाराची सही नसते आणि त्याचा उपयोगही बहुतांशी विसंगती दाखवण्यापुरताच. 1 जुलै 2024 पासून याच तरतुदी अनुक्रमे भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 148 आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 181 मध्ये आहेत.

समजा, साक्षीदार सरतपासात म्हणतो, ‘आरोपीच्या हातात कोयता मी पाहिला.’ जबाबात मात्र ‘अंधार असल्याने त्याच्या हातात काय होते ते मला दिसले नाही’ असे लिहिलेले आहे. उलटतपासात बचावाचा वकील हे वाक्य त्याला वाचून दाखवतो. साक्षीदाराने ते मान्य केले, तर विसंगती तिथेच शाबित होते. पण बहुधा ठरलेले उत्तर येते : तसे मी सांगितले नव्हते, पोलिसांनी का लिहिले ते सांगता येणार नाही. मग त्या वाक्यावर खूण केली जाते. पुढे तपासी अंमलदार साक्षीला उभा राहिला की ‘पोर्शन मार्क अ’मधला मजकूर साक्षीदाराने सांगितल्याप्रमाणे लिहिला का, हे त्याला विचारले जाते. त्याने होकार दिल्यावर त्या भागाला निशाणी क्रमांक मिळतो. व्ही. के. मिश्रा विरुद्ध उत्तराखंड राज्य (2015) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हाच क्रम स्पष्ट केला आहे.

भाग कुठे सुरू करायचा आणि कुठे थांबवायचा, यातच खरे कसब आहे. वरच्या उदाहरणातले ‘अंधार असल्याने’ हे शब्द सोडले, तर साक्षीदाराला न दिसण्याचे कारणच नाहीसे होते. अशा कापाकापीवर कायद्यानेच उपाय ठेवला आहे : जबाबाचा एखादा भाग उलटतपासात वापरला गेला, तर त्यातल्या मुद्द्याचा खुलासा करण्यापुरता जबाबाचा दुसरा भाग फेरतपासात वापरता येतो. सरकारी वकील या सवलतीचा पुरेसा फायदा घेतातच असे नाही.

जबाबात जे नाहीच, त्यावर खूण कशी करणार? तहसीलदार सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य (1959) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला याच प्रश्नाचा खल करावा लागला. महत्त्वाची गोष्ट जबाबात नसणे हीसुद्धा संदर्भानुसार विसंगती ठरू शकते, असे 1973च्या संहितेतील स्पष्टीकरण म्हणत असे. न्यायालयांत तिला ‘ओमिशन’ म्हणतात. ती पोर्शन मार्कने नव्हे, तर आधी साक्षीदाराला आणि मग तपासी अंमलदाराला थेट प्रश्न विचारून नोंदवावी लागते.

संपूर्ण जबाबालाच निशाणी देण्याची सवय मात्र घातक आहे. तिच्यामुळे पुराव्यात न बसणारा मजकूरही अभिलेखात शिरतो. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी खटल्यांच्या कामकाजासाठी नियमांचा मसुदा मंजूर केला. त्यानुसार संबंधित मजकूर साक्षीतच उतरवून घ्यायचा आणि ते शक्य नसेल, तर त्याचे पहिले व शेवटचे शब्द नमूद करायचे. सबंध जबाबावर सरसकट खूण करायची नाही. वस्तू काढून देण्याबाबत आरोपीने केलेल्या निवेदनाच्या पंचनाम्यालाही असाच निकष आहे. पुलुकुरी कोट्टाया खटल्यात (1947) प्रिव्ही कौन्सिलने वस्तूच्या शोधाशी थेट संबंध असलेलाच भाग ग्राह्य धरला होता.

शाबित झालेला पोर्शन मार्क हा घटनेचा स्वतंत्र पुरावा नसतो. त्याने साक्षीदाराची विश्वासार्हता तेवढी तपासता येते. साक्षीदाराने नाकारलेला आणि तपासी अंमलदाराकडून शाबित करून न घेतलेला भाग निकालात विचारात घेता येत नाही.